सरकारला उपलब्ध

"बसून बसून माझं बूड दगडाचं झालं, पण त्या सरकारला काय पाझर फुटंना."

हे कोण पुटपुटलं ते वळून बघायची गरज नव्हती. अनसाआत्याचं तोंड माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि तिच्या मिसरीचा वास माझ्या पदराला लागून आठवडा झाला होता.

ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर आम्ही दहा जणी ओळीनं बसलो होतो. प्रत्येकीच्या पुढ्यात एक खोरं, एक घमेलं. घमेल्यात भाकरीचं गाठोडं. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता उठून डोंगर फोडायला निघाल्यात. पण आम्ही कुठंच निघालो नव्हतो. रोज सकाळी येत होतो, दिवस कलेपर्यंत बसत होतो आणि खोरं-घमेलं उचलून घरी जात होतो. न वापरलेलं खोरं खांद्यावर जास्त जड लागतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

वळणावर हॉर्न वाजला. दोनदा.

"आला," यमुना म्हणाली आणि खाली मान घालून हसली. यमुना आमच्यात सगळ्यात लहान. तिला हसायला कारण लागत नसे, आणि त्या हॉर्नचं तर कारणही होतं.

लहानूची पिकअप पारासमोर येऊन थांबली. लहानू पलीकडच्या गावातल्या कांदेवाल्या शेठकडं ड्रायव्हर होता. लागवडीच्या दिवसांत गावोगावच्या बाया गाडीत भरून रानात नेऊन सोडायच्या, हे त्याचं काम. मागं पंधरा-वीस जणी आधीच उभ्या होत्या.

"काय मावशे, येता का आज? रोप पिवळं पडाया लागलंय, शेठ माझ्या नावानं शिमगा करतोय."

"नाय येणार," आत्या म्हणाली. "आम्ही उपलब्ध हाओत."

"अवो, उपलब्ध हाये तर बसा की मग गाडीत!"

"तुला नाय रे मुडद्या. सरकारला उपलब्ध!"

गाडीतल्या बाया खो-खो हसल्या. लहानूही हसला. मग त्यानं टोपी मागं सारली आणि रोज म्हणायचा तेच म्हणाला, "बरं, मग वाईच पाणी तरी द्या. गाडी तापलीया."

तो बोलायच्या आतच गुणा कळशी घेऊन उठलेली होती.

हे सगळं कशामुळं चाललं होतं, ते सांगते. आमच्या भोरदऱ्यात खरिपाचं आवरलं की बाईच्या हाताला काम नसे. गाडीत उभं राहून दूरच्या रानात जायचं, दिवसभर वाकून कांदा लावायचा आणि अंधार पडता परत यायचं, एवढंच. त्या वर्षी संघटनेच्या एक बाई गावात आल्या आणि रोजगार हमीचा एक कागद देऊन गेल्या. मला शाळा माहीत नाही. मी वाचायला शिकले ती किराणाच्या पुड्यांवर आणि एसटीच्या पाट्यांवर. त्यामुळं माझं वाचन बोट धरून चालतं, पण चालतं. मी तो कागद बोटानं सगळ्यांना वाचून दाखवला. किमान दहा जणींनी मिळून कामाची मागणी करायची, तारीख घातलेली पोच घ्यायची. पंधरा दिवसांत सरकारनं जवळपास काम द्यायचं. नाही दिलं, तर घरबसल्या बेकारभत्ता द्यायचा. फक्त एक अट. मजूर कामाला उपलब्ध पाहिजे.

"उपलब्ध म्हंजी?" आत्यानं विचारलं होतं.

"म्हणजे तयार. हाताशी. बोलावलं की हजर."

"मग आपण घरात बसलो तर सरकारला कसं दिसंल, आपण हाताशी हाओत ते?"

हा सवाल सगळ्यांना पटला. मलाही पटला. म्हणून अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही पारावर येऊन बसलो. सरकारनं कधीही खिडकीतून डोकावावं, आम्ही समोर.

ग्रामसेवक निकाळजे भाऊसाहेब बिचारे भले माणूस. दुसऱ्याच दिवशी हात जोडून बाहेर आले.

"अहो बायांनो, घरी जा. उपलब्ध म्हणजे पारावर बसणं नव्हे. घरी स्वयंपाक करताना पण माणूस उपलब्धच असतो."

"आज म्हणताय असतो," आत्या म्हणाली. "पंधरा दिसांनी म्हणाल, निरोप धाडला व्हता, बाई गावली नाय. लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. का बाई सैपाक करत व्हती तरी उपलब्ध व्हती."

भाऊसाहेब आत गेले. सरकारी माणूस शिंकला तरी लिहून देत नाही, हे आत्याला माहीत होतं. आम्ही बसून राहिलो.

बसायचं म्हणजे कसं? गावात मयत झाली तर निम्म्या जणी जायच्या, निम्म्या बसायच्या; त्या आल्या की या जायच्या. यमुनाच्या शेळीचे दिवस भरले होते, तर तिनं शेळीच आणून पारापाशी बांधली. भर दुपारी शेळी व्याली. आत मासिक सभा चालली होती आणि बाहेर करडाचा पहिला आवाज झाला, तसं सरपंचासकट सगळे खिडकीत आले. "हे पण उपलब्ध का?" सरपंच म्हणाले. "पोटात व्हतं तव्हापासून," आत्या म्हणाली.

आयुष्यात कधी रिकामं न बसलेल्या दहा बाया एका जागी बसवल्या तर त्यांचे हात खाजायला लागतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फाटकं लुगडं आणलं, चौथ्या दिवशी कुणी सुई-दोरा. गोधडी घालायला घेतली. आत्यानं काठ धरले, बाकीच्या मधून टाके टाकत सरकत होतो. नऊ जणींनी आपापल्या घरचा एकेक चांगला तुकडा आणला. कुणी लेकीच्या झग्याचा, कुणी बाळंतविड्यातल्या कुंचीचा. मी माझ्या शालूच्या पदराचा आणला. गुणानं आणला नाही. तिला कुणी मागितलाही नाही.

कोंडीराम ग्रामपंचायतीचा शिपाई. तो आतबाहेर करताना आमच्यापाशी रेंगाळायचा. एकदा त्यानं विचारलं, "कुणासाठी चाललीया एवढी झकास गोधडी?"

सगळ्यांच्या सुया थांबल्या. कोंडीराम म्हणजे गुणाचा सख्खा दीर.

"सरकारसाठी," आत्या दोरा तोडत म्हणाली. "थंडीचं काकडत असंल बिचारं."

आता गुणाचं सांगते. गुणा चाळिशीला टेकलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती दिराच्या घरात राहायची. कोंडीराम काही वाईट माणूस नव्हता. वहिनीला कधी उणा शब्द बोलला नाही. पण दोन म्हशींची धार, शेणघाण, दोन वेळच्या भाकरी आणि वर मजुरी, एवढं सगळं वहिनीच करत होती. एवढ्या उपयोगाच्या माणसाला उणा शब्द कोण बोलेल? ती घरातून गेली तर काय होईल, हा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरला नव्हता, आणि तो शिरू नये अशीच आमची सगळ्यांची धडपड होती.

कारण सगळ्या गावाला दिसत होतं ते त्याला एकट्यालाच दिसत नव्हतं. लहानूची बायको तीन वर्षांमागं गेलेली. गेल्या लागवडीत गुणा त्याच्या गाडीत असायची, तेव्हा ती केबिनमागच्या दांडीला धरून उभी राहायची आणि तो खड्डे चुकवत गाडी चालवायचा. बाकीच्या दिवशी खड्डे चुकत नसत. आणि या साली आम्ही येणार नाही हे माहीत असून तो रोज वाट वाकडी करून पारासमोर येत होता आणि रोज त्याची गाडी तापत होती.

"ही गाडी डिझेलवर चालती का पाण्यावर?" यमुना विचारायची.

गुणा कळशी घेऊन जायची. ती रेडिएटरमध्ये पाणी ओतायची, तो झाकण धरून उभा राहायचा. दोघं एक शब्द बोलत नसत. कळशी रिकामी झाली तरी दोघं तशीच, कळशी वाकडी धरून उभी. मग आत्या खोकायची.

पण तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. आमच्याकडं बाईचा पाट लागायचा असला, म्हणजे तिचं दुसऱ्यांदा घर व्हायचं असलं, की आधी त्याची वाच्यता करत नाहीत. बोललं की मोडतं, असं मानतात. सगळं उरकलं की मग गावाला कळवायचं. त्यात दीर शिपाई आणि पार त्याच्या कचेरीसमोर. तेव्हा आम्ही डोळ्यांनी बघत होतो, सुईनं बोलत होतो आणि तोंड मात्र सरकारच्याच नावानं उघडत होतो.

पंधरवडा सरत आला तसे भाऊसाहेब एक दिवस हसतमुखानं बाहेर आले.

"जमलं बायांनो! पाझर तलावाची फाइल मंजूर झाली. सोमवारी तालुक्याचे साहेब येतील. दहाच्या दहा जणी तयार दिसल्या तर मंगळवारपासून काम सुरू. आणि त्यांच्याकडून उशीर झाला तर तोवर भत्ता. पण एक ऐका. सोमवारी हो म्हणायचं आणि मंगळवारी एक जरी कमी भरली, तर काम बंद, भत्ता बंद, फाइल परत. पुन्हा पहिल्यापासून अर्ज."

तो पाझर तलाव पुढं झाला. आज त्याच्या भिंतीवरून माझी नातवंडं उड्या मारतात. पण ते खूप नंतरचं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, काम हातात आलं. यमुनानं करडाला उचलून नाचवलं. अनसाआत्यानं तर तिथल्या तिथं भाऊसाहेबांचा पदरच धरला असता, त्यांना पदर असता तर.

"पाणी पाजायचं काम माझं. तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय आजी, दिलाय."

आत्याचे गुडघे गेले होते. लहानू रोज "मावशे, येता का" म्हणायचा ते तोंडदेखलं. शेठनं त्याला बजावून ठेवलं होतं, म्हातारीला आणू नको, ती दुसऱ्या ओळीलाच बसते. लेक-सून शहरात, ती फिरकत नसत. कुणाच्या दारात मागून खाणं आत्याच्या रक्तात नव्हतं. हमीच्या कामावर मात्र एका थकलेल्या बाईला मजुरांना पाणी पाजायचं काम मिळतं, मजुरी इतरांइतकीच. आत्यानं तलावाच्या जागी जाऊन कुठल्या बाभळीखाली माठ मांडायचा, तेही बघून ठेवलं होतं. आम्हा सगळ्यांना ते काम हवं होतं. पण आत्याला ते नसतं मिळालं, तर दुसरं काहीच मिळणार नव्हतं.

सगळ्या हसत होत्या. गुणाच तेवढी कळशी घेऊन आडाकडं निघाली. लहानू तर येऊन गेला होता. मी तिच्या मागं गेले.

"कौसे," ती पोहरा सोडत म्हणाली, "ते साहेब सोमवारीच यायचेत का गं?"

"सोमवारीच. का?"

"काय नाय. सोमवार म्हंजी... उपास आसतो ना माझा."

"तुला कधीपासून सोमवार?"

"धरीन म्हणते."

तिनं कळशी भरली. भरलेली कळशी परत आडात ओतली. पुन्हा भरली.

"कौसे, एका बाईची गोष्ट सांगू का तुला? माझी नाय हां."

"तुझी नसली तर सांग."

"एक बाई हाये. तिला एकानं विचारलंय. त्याची बहीण मुद्दाम लांबून आलीया. सोमवारी दुपारी त्यांच्या गावात खंडोबाच्या देवळात... आता काय ते तुला कळलंच."

"कळलं. मग?"

"मंगळवारी त्याला पुण्याकडं हजर व्हायचंय. दुधाचा टँकर मिळालाय चालवायला. खोली पण बघितलीया. म्हणतो, खिडकीतून पेरूचं झाड दिसतं."

"मग त्या बाईचं काय ठरलं?"

"ती नाय म्हणली त्याला." गुणानं दोर गुंडाळायला घेतला. तो नीट गुंडाळलेलाच होता. "नऊ जणींची पानं मांडलेली, अन् मी ताटावरून उठू? म्हंजी, ती बाई उठंल का? त्या अनसाआत्याचं काय व्हईल?"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणला, सोमवारी गाडी घेऊन येतो. शेठकडची शेवटची खेप. आलीस तर आलीस. नाय तर पाणी पाजून पाठव."

पाण्यानं भरलेली कळशी तिच्या कमरेवर होती आणि दुसऱ्या हातानं ती डोळ्याला पदर लावत होती, तरी हसत होती. लाजणाऱ्या बाईचं हसू चाळिशीत जास्त अवघडलेलं असतं. कुठं ठेवावं ते कळत नाही.

"मी तुला काय सांगितलं नाय हां, कौसे."

"मी पण काय ऐकलं नाही."

पण माझा चेहरा वाचायला बोटाची गरज पडत नाही. रविवारी संध्याकाळी गुणा धारा काढायला घरी गेली आणि बाकीच्या नऊ जणी उठायचं नाव घेईनात. कोंडीराम कचेरीचं कुलूप लावत होता.

"समजा," यमुना म्हणाली, "एखाद्या शेळीला दुसऱ्या दावणीला जायचं असलं..."

"कुठली शेळी?" आत्या म्हणाली.

"समजा म्हणलं ना. तर कळपात तिच्या जागी दुसरी नाही का घालता येणार?"

"नाही," मी म्हणाले. "अर्जावर जिचं नाव आहे तीच शेळी लागते. नवी घातली तर नवा अर्ज, नवे पंधरा दिवस. आणि नवी आणायची कुठून? सगळ्या कांद्याला गेल्यात."

"कुणाची शेळी विकायचीया?" कोंडीराम किल्ली खिशात टाकत जवळ आला.

"विकायची नाही," यमुना म्हणाली. "ती आपण होऊन चाललीया."

"शेळी आपण होऊन कशी जाईल?"

"तेच तर म्हणतोय!"

"जात असली तर दावं आखूड करा," कोंडीराम शहाणपणानं म्हणाला आणि निघून गेला. तो लांब जाईपर्यंत यमुना पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

मग मात्र कुणी हसलं नाही. सगळ्या आत्याकडं बघत होत्या. आत्यानं मिसरीची डबी काढली, उघडली, बंद केली.

"माझ्याकडं काय बघताय टकामका? पंधरा दिस हितं बूड दगडाचं केलंय मी. कुणी कुटं जायाचं नाय. शेळी नाय, बोकड नाय. आधी सरकार, मग बाकीचं."

तिनं गोधडीची घडी केली. शेवटचा टाका त्याच दुपारी पडला होता. ती घडी तिनं आपल्याच काखेत मारली आणि गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, घराकडं चालायला लागली. बाकीच्यांनीही आपापली खोरी उचलली.

सोमवारी आम्ही जरा लवकरच आलो. भाऊसाहेबांनी टेबल बाहेर काढून त्यावर कापड घातलं होतं. आत्या सगळ्यांच्या आधी येऊन टोकाला बसली होती, घमेलं पालथं घालून त्यावर. मांडीखाली काहीतरी गाठोडं होतं. गुणा नेहमीच्याच साडीत आली. तीच करड्या रंगाची, कोपराशी रफू केलेलं पोलकं. मी मनात म्हटलं, ठरलं हिचं.

साहेब जीपमधून आले. सर्दी झालेला, दमलेला माणूस होता. नाक पुसत त्यांनी ओळ बघितली.

"या सगळ्या इथंच कशा काय जमल्या?"

"उपलब्ध आहेत साहेब," भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

"इथं? रोज?"

"सुटीच्या दिवशीसुद्धा."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि आमच्याकडं पुन्हा एकदा, जरा नीट, बघितलं.

तेवढ्यात वळणावरून पिकअप आली. आज हॉर्न वाजला नाही. मागं बायाही नव्हत्या. गाडी पारापासून थोडी लांब लिंबाखाली उभी राहिली. लहानू उतरला, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिला. पांढरा शर्ट, टोपीला कडक इस्त्री. इंजिन बघायला कुणी असं नटून येत नाही. आमच्या ओळीत कोपरं एकमेकींना लागत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुणानं तेवढं तिकडं बघितलं नाही. तिनं खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"हे बघा," साहेब म्हणाले, "नाव घेतलं की तयार असाल तर तयार म्हणायचं. उद्यापासून कामावर उभं राहायचं. मागनं माहेर, लग्न, जत्रा काही ऐकणार नाही. एक जरी कमी पडली तर सगळ्यांचं जाईल. समजलं?"

"समजलं," आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या म्हणालो. शाळा न बघितलेल्या होतो, तरी जमलं.

नावं सुरू झाली. यमुना एवढ्या जोरात "तयार!" म्हणाली की तिची शेळी ओरडली. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पुढची तयार, तिच्या पुढची तयार. माझं नाव आलं. मी "तयार" म्हणाले, पण ते मला वाटलं होतं तेवढं खणखणीत आलं नाही. कोंडीराम आतून चहाचा ट्रे घेऊन आला आणि साहेबांच्या खुर्चीमागं उभा राहिला.

"गुणाबाई सोपान खामकर."

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"गुणाबाई कोण?"

"मी जी."

"कामाला तयार?"

लहानूचं डोकं बॉनेटमधून वर आलं होतं. गुणानं खोऱ्याच्या दांड्याकडं बघितलं. दांड्यालाच सांगितलं तिनं.

"तयार."

साहेबांच्या पेनानं खूण केली. लिंबाखाली बॉनेट बंद झाल्याचा आवाज आला. हळूच बंद केलं होतं त्यानं, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग दाराचा आवाज. आज त्यानं पाणी मागितलं नाही.

"अनसूया गेणू वाबळे. आजी, वय काय तुमचं?"

"रेशनकार्डावर बघा. तितं लिवलंय ते खरं."

"काम झेपेल का?"

"पाणी पाजायचंय मला. तुमच्या भाऊसाहेबांनी शब्द दिलाय. जागा पण बघून ठिवलीया."

"बरं बरं. मग तयार?"

पिकअप चालू झाली. आज पहिल्याच झटक्यात, तापलेल्या गाडीसारखी मुळीच नाही. आत्यानं तोंड उघडलं, पण ती साहेबांकडं बघत नव्हती. ती गुणाकडं बघत होती. गुणा खाली मान घालून खोऱ्याच्या पात्यावरची माती नखानं काढत होती. त्या पात्याला पंधरा दिवसांत माती लागलेली नव्हती.

"आजी?" साहेबांनी पेन टेकवलं. "तयार ना? म्हणजे दहा झाल्या. लिहू?"

गाडी वळायला लागली.

"थांब रे मुडद्या!" आत्या अशी ओरडली की साहेबांचं पेन हातातून सुटलं. लिंबाखाली ब्रेक करकचून लागला.

"मला म्हणालात?" साहेब म्हणाले.

आत्या गुडघ्यांवर हात रोवून उठली. कण्हली नाही. मांडीखालचं गाठोडं तिनं ओढून काढलं आणि गुणाच्या मांडीवर टाकलं. गोधडी. आमच्या नऊ जणींच्या घरचे तुकडे सकाळच्या उन्हात उलगडत खाली घरंगळले, माझ्या शालूचा पदर सगळ्यात वर. गुणानं खोरं सोडून ती पोटाशी धरली. कोंडीरामनं ट्रे हातात धरून आधी गोधडीकडं बघितलं, मग लिंबाखालच्या गाडीकडं, मग वहिनीकडं, आणि कप एकमेकांवर वाजायला लागले. आम्ही आठ जणी जमिनीकडं बघत होतो. साहेब वाकून पेन शोधत होते.

"नऊच लिवा, सायेब," अनसाआत्या म्हणाली. "ह्या गुणाचं आज लगीन हाये."